फॉर्मात विचारलंय ‘कधी काढून टाकलंय का?’ हो लिहू की नाही? (पायलटची नोकरी)

दुसरी_सीट
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो. गेले चार दिवस एकच फॉर्म उघडतोय, बंद करतोय, म्हणून शेवटी धागा काढला.

मी को-पायलट. एका छोट्या चार्टर कंपनीत (भाड्याने विमान देणारी) बी-टू-हंड्रेड या छोट्या विमानावर १४ महिने होतो. नाव सांगणार नाही, कृपया विचारू नका आणि ओळखलंत तरी लिहू नका. निवडणुकीचा हंगाम होता, ज्यांना माहितीय त्यांना माहितीय की त्या महिन्यात चार्टरवाल्यांकडे विमानाला आणि माणसाला बूड टेकवायला मिळत नाही. महिन्याच्या १४ तारखेला सकाळी साडेसहाला रिपोर्टिंग, मग मुंबई, नांदेड, लातूर, नागपूर. साहेबांची प्रत्येक सभा तास-दीड तास लांबत गेली. रात्री नागपूरला साहेब गाडीतून उतरले तेव्हा मुंबईला परत निघालो असतो तर आमची ड्यूटी मर्यादेच्या बाहेर जात होती. मी कागदावर आकडे मांडून कॅप्टनला दाखवले. त्यांनी मिनिटभर बघितलं आणि म्हणाले, बरोबर आहे, नाइट हॉल्ट. साहेब चिडले, मग ऑपरेशन्सचा फोन आला, जे व्हायचं ते झालं.

१५ला मी रोस्टरमधून गायब. १८ला रात्री ९:४०ला मी राजीनाम्याचा ईमेल केला, नोटिस पीरियड पूर्ण करतो असंही त्यात लिहिलं. २७ तारखेला नाशिकच्या घरी कुरियर आलं, आईने सही करून घेतलं. आत टर्मिनेशन लेटर. कारण आज्ञाभंग आणि कामावर गैरहजेरी. लेटरवर तारीख १६! म्हणजे माझ्या राजीनाम्याच्या दोन दिवस आधीची.

आता एका एअरलाइनचा फॉर्म भरतोय. प्रश्न असा, ‘आपल्याला कधी नोकरीवरून कमी केले आहे का, राजीनामा देण्यास सांगितले आहे का, किंवा शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का?’ हो / नाही. हो केलं की खाली डबा उघडतो, ५०० अक्षरांत स्पष्टीकरण. माझ्या मते मी सोडली, त्यांच्या मते त्यांनी काढलं. काय टिक करू?

पक्या_पिंपरी
नाही कर. राजीनामा आधी दिलास ना, मग विषय संपला. नवऱ्याने घर सोडल्यावर बायको म्हणाली मी हाकललं, त्याला काय अर्थ आहे.

लोणावळा_लोकल
पक्या, स्वानुभव का? ☺️

एचआर_ताई
पक्या, कृपया असले सल्ले देऊ नकोस. मी हिंजवडीत आयटीत आहे, विमानातलं मला शून्य कळतं, पण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन रोज बघते. जुन्या कंपनीला साधारण इतकंच विचारतात की तारखा काय, पद काय, कशामुळे गेला आणि परत घ्याल का. त्या शेवटच्या प्रश्नावर कंपनी ‘नाही’ म्हणाली आणि उमेदवाराने फॉर्मात काहीच लिहिलेलं नसेल तर फाइल माझ्याकडे येते, आणि मी ती बाजूला ठेवते. कंपनी खरं बोलतेय की उमेदवार, हे शोधायला माझ्याकडे वेळ नसतो. उमेदवाराने आधीच लिहिलं असेल तर मात्र मी फोन करून विचारते. एवढाच फरक आहे, पण तोच सगळा फरक आहे.

आणि ती नोकरीच गाळून टाकायचा विचार डोक्यात असेल तर तो काढ. पीएफ कापला असेल तर यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीत कंपनीचं नाव, लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख सगळं दिसतं.

दुसरी_सीट
ताई, गाळणार नाहीये. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी तो विचार आला होता.

कॅप्टन_रिटायर्ड
अरे बाबा, तो विचार सगळ्यांना येतो. मी काही वर्षं इंटरव्ह्यू पॅनलवर बसलो आहे, एक किस्सा सांगतो.

एक मुलगा आला होता, हुशार, सिम्युलेटरला हात उत्तम. सीव्हीत पाच महिने रिकामे. विचारलं, तर म्हणाला घरी वडील आजारी होते. ठीक आहे, असतात वडील आजारी. लॉगबुक बघायला घेतलं. माझ्या शेजारी बसलेला कॅप्टन पानं उलटण्यात पक्का, तो एका पानावर थांबला. त्या पाच महिन्यांत साठेक तासांच्या नोंदी, आणि समोर विमानाचं रजिस्ट्रेशन, व्हीटी आणि पुढची तीन अक्षरं. आता आपल्याकडे कुठलं विमान कोणाचं हे या धंद्यातल्या माणसाला तोंडपाठ असतं, तुम्हाला शेजारच्याची स्कूटर ओळखू येते तसं. ते विमान ज्या कंपनीचं, ती कंपनी सीव्हीत कुठेच नाही. तास सोडवेनात म्हणून नोंदी ठेवल्या आणि नोकरी लपवली! मुलगा लाल झाला. मग कळलं की तिथे पगाराच्या वादावरून याने नोकरी सोडली होती आणि वादात चूक कंपनीची होती. आम्ही हे कारण सहज मान्य केलं असतं. पण त्याने आमच्यासमोर वडिलांना आजारी पाडलं होतं. नाही घेतलं.

तर ‘हो’ टिक कर. फॉर्मच्या तळाशी ‘वरील माहिती खोटी आढळल्यास’ म्हणून ओळ असते, ती वाच. आज नाही सापडलास तर तीन वर्षांनी, कमांड अपग्रेडच्या, म्हणजे कॅप्टन व्हायच्या तोंडावर सापडशील.

पक्या_पिंपरी
पण कॅप्टन, याने लपवलंय कुठे? राजीनामा १८चा, याच्या हातात लेटर पडलं २७ला. मग ‘काढलं’ कसं?

वकील_नाशिककर
पक्याचा प्रश्न बाळबोध वाटला तरी मुद्दा तोच आहे. राजीनामा दिला म्हणजे नोकरी त्याच मिनिटाला संपत नाही. नोटिस पीरियड चालू असेल तर तोवर तुम्ही नोकरीतच, आणि त्या काळात कंपनी कारवाई करू शकते. योग्य की अयोग्य ते नंतर कोर्ट ठरवेल. त्यामुळे ‘मी आधी राजीनामा दिला’ एवढ्याने ‘नाही’ टिक करायचा हक्क मिळत नाही. शिवाय प्रश्नात शिस्तभंगाची कारवाईही विचारलीय, आणि तशी कारवाई झाल्याचा कागद तुझ्या घरात आहे. चुकीची का असेना.

वैमानिकांच्या बाबतीत नोटिस हा जरा वेगळाच प्रकार आहे. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या नियमाने २०१७पासून एअरलाइनच्या कमांडरला (कॅप्टनला) एक वर्ष आणि को-पायलटला सहा महिने आधी सांगावं लागतं, आणि जुन्या कंपनीची एनओसी नसेल तर नवी कंपनी बसवत नाही. यावरून कोर्टात कायम काही ना काही चालू असतं. २०२३मध्ये अकासा एअरचे ४०हून जास्त वैमानिक नोटिस न पाळता गेले आणि कंपनी त्यांच्यापैकी काहींविरुद्ध मुंबई हायकोर्टात गेली, तेव्हा आधी वाद झाला तो दावा मुंबईत चालेल की नाही यावरच, आणि कोर्टाने चालेल म्हणून सांगितलं. उलट बाजूचंही उदाहरण आहे. एअर इंडियाच्या काही वैमानिकांनी राजीनामे दिले आणि मग मागे घेतले, तरी कंपनीने ऑगस्ट २०२०मध्ये त्यांना घरी बसवलं. जून २०२१मध्ये दिल्ली हायकोर्टाने तो आदेश रद्द करून त्यांना परत घ्यायला लावलं. म्हणजे ‘सोडली की काढलं’ हा घोळ करणारा तू पहिला नाहीस.

तुला कुठला नोटिस पीरियड लागू होतो ते तुझ्या करारात बघ. आणि मुख्य प्रश्न, त्या लेटरला तू लेखी उत्तर दिलंस का?

दुसरी_सीट
नाही दिलं वकीलसाहेब. आई म्हणाली वाढवू नको.

वकील_नाशिककर
आईचा मान राखून सांगतो, आजच दे. दहा ओळी पुरेत. पत्र २७ला मिळालं, राजीनामा १८ला दिला होता, ईमेल सोबत जोडतोय, आरोप मान्य नाहीत, एनओसी आणि थकबाकी द्या. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही. कुरियरचं पाकीट फेकलं नाहीस ना? त्याच्यावरच्या स्टिकरवर बुकिंगची तारीख असते. १६ला लिहिलेलं पत्र २७ला का पोहोचलं, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल.

खवचट_खारीक
सगळे लगेच याच्या बाजूने उभे राहिले, मजा आहे. आपण एकच बाजू ऐकतोय. ‘आज्ञाभंग’ शब्द आभाळातून पडत नाही. ड्यूटी मर्यादा ओलांडायची की नाही हे अचानक आलेल्या परिस्थितीत कॅप्टन ठरवू शकतो, क्रूची अवस्था बघून वाढवायची सोय नियमातच आहे. कॅप्टनने तुझं ऐकलं म्हणजे तिथे आज्ञाभंग झालाच नाही. मग आज्ञा मोडली कुठे? ‘ऑपरेशन्सचा फोन आला, जे व्हायचं ते झालं’ या वाक्यात काय काय लपवलंय ते सांग बघू.

लोणावळा_लोकल
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हा आयडी नेहमी खवचट बोलतो आणि नेहमी बरोबर जागी बोट ठेवतो.

दुसरी_सीट
सांगतो. फोनवर मी काही बोललो नाही, कॅप्टनच बोलले. पण नंतर ऑपरेशन्सच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मॅनेजरने लिहिलं, ‘को-पायलट लोक आता कंपनी चालवणार का’. रात्रीचे साडेअकरा, पोटात दुपारचा एक समोसा. मी लिहिलं, ‘विमान तुमच्या बापाचं असेल, लायसन्स माझं आहे’. ग्रुपवर ३१ माणसं. सकाळी डिलीट केलं, पण तोवर उशीर झाला होता.

खवचट_खारीक
आता कसं. हे आधी सांगायचं.

लोणावळा_लोकल
एक शंका. त्या ग्रुपात मालकाचा मुलगा होता का?

दुसरी_सीट
होता. त्यानेच स्क्रीनशॉट काढला.

लोणावळा_लोकल
मग तुझं विधान तांत्रिकदृष्ट्या अचूक होतं. विमान खरंच त्याच्या बापाचं. 😂😂

डॅलसकर_दादा
लोकल, चहा सांडला माझा.

इथे अमेरिकेत हा प्रकार कसा चालतो ते सांगतो, कारण इकडच्या फॉर्मांत हाच प्रश्न याच तऱ्हेने विचारतात, ‘काढलं होतं का किंवा काढण्याऐवजी राजीनामा द्या असं म्हटलं होतं का’. त्यामागे अपघात आहेत, एचआरची हौस नाही. १९९४च्या डिसेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलायनात रॅले-डरहमजवळ अमेरिकन ईगलचं विमान पडलं, २० पैकी १५ गेले. त्याच्या कॅप्टनला आधीच्या कंपनीने कच्च्या कामगिरीमुळे राजीनामा द्यायला लावला होता, आणि नव्या कंपनीला ते माहीतच नव्हतं. त्यानंतर १९९६ला कायदा आला की जुन्या कंपनीकडून वैमानिकाच्या नोंदी मागवायच्याच. मग फेब्रुवारी २००९मध्ये बफेलोजवळ कोल्गनचं विमान पडून ५० माणसं मेली, त्या कॅप्टनने आधीच्या काही नापास चेकराइड (उड्डाणाच्या परीक्षा) अर्जात सांगितल्या नव्हत्या. आणि फेब्रुवारी २०१९ला ॲटलसचं मालवाहू ७६७ ह्यूस्टनजवळ पडलं, तिघे गेले. त्यात फर्स्ट ऑफिसरने आधीच्या दोन अल्पकाळाच्या नोकऱ्या अर्जात दाखवल्याच नव्हत्या, तिथल्या ट्रेनिंगमध्ये तो अडकला होता.

आता एफएएचा (इकडच्या विमान वाहतूक नियामकाचा) एक मध्यवर्ती डेटाबेस आहे. त्यात जुनी कंपनी तुमचं जाणं कशामुळे झालं ते नोंदवते. पण गंमत अशी की ती नोंद तुम्हाला स्वतःला बघता येते, आणि चूक असेल तर हरकत घेता येते. त्यामुळे इथे लोक अर्ज भरायच्या आधी स्वतःची नोंद बघतात आणि दोन्हीकडे तारखा जुळवून मगच लिहितात.

आणि धागाकर्त्याला एक सांगू का, या तिन्ही अपघातांत लपवलेली गोष्ट उडवण्याबद्दलची होती. तुझी तशी नाही. पॅनलला पहिल्या ओळीत हेच कळायला हवं की मामला हाताचा नाही, तोंडाचा आहे.

कॅप्टन_रिटायर्ड
‘हाताचा नाही, तोंडाचा’. लाख बोललात.

आपल्याकडे तसा डेटाबेस नाही, आपला डेटाबेस म्हणजे चहा. एवढीशी इंडस्ट्री. तुझा फॉर्म ज्याच्या टेबलावर जाईल त्याचा बॅचमेट तुझ्या त्या कंपनीत असणार आणि तो व्हॉट्सॅपवर विचारणार, ‘हा पोरगा कसा आहे रे?’ आणि खरं सांगू का, तो स्क्रीनशॉट बहुधा आधीच सगळीकडे फिरून झालाय.

दुसरी_सीट
फिरलाय सर. माझ्या फ्लाइंग स्कूलच्या मित्राने मलाच फॉरवर्ड केला, ‘बघ कोणीतरी काय भारी लिहिलंय’ म्हणून.

एचआर_ताई
😂😂 अरे देवा.

आईची_काळजी
अवांतराबद्दल क्षमस्व. माझा मुलगा बारावी सायन्सला आहे, पायलट व्हायचं म्हणतो. धुळ्याला किंवा गोंदियाला फ्लाइंग शिकवतात असं ऐकलं. कोणाला अनुभव आहे का? खर्च किती येतो? आणि हे वाचून आता भीती वाटायला लागली आहे.

कॅप्टन_रिटायर्ड
ताई, दोन्हीकडे शिकवतात. पण फी भरायच्या आधी त्याचं क्लास वन मेडिकल करून घ्या. लोक चाळीस-पन्नास लाखांची जुळवाजुळव करतात आणि मग डोळ्यांत किंवा कानात काहीतरी निघतं. वेगळा धागा काढा, मी तिथे सविस्तर लिहितो.

पक्या_पिंपरी
आणि त्याला व्हॉट्सॅप ग्रुप म्यूट करायला शिकवा.

मीनल_के
मी केबिन क्रूमध्ये होते, आता ग्राउंडला आहे. माझी गोष्ट थोडीफार अशीच, फक्त मला ‘तूच राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असं सांगून लिहून घेतलं होतं. पुढच्या इंटरव्ह्यूला विचारलं की का सोडलं. मी पंधरा मिनिटं बोलत होते. मॅनेजर कशी होती, कोणाला झुकतं माप मिळायचं, दिवाळीची ड्यूटी मलाच कशी तीन वर्षं लागली. शेवटी रडू आलं. समोरच्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, मला फक्त तारीख हवी होती. नोकरी नाही मिळाली हे सांगायला नकोच.

पुढच्या वेळी नवऱ्यासमोर बसून सराव केला. त्याने मोबाइलवर टायमर लावला. सव्वा मिनिटात सांगून गप्प बसायचं. बोलण्यापेक्षा गप्प बसायचाच सराव जास्त करावा लागला.

खवचट_खारीक
मीनल, हे आत्तापर्यंतचं सर्वात उपयोगाचं. धागाकर्त्या, तुझी ५०० अक्षरं टाक इथे, बघू.

दुसरी_सीट
इंग्रजीत लिहिणार आहे, इथे मराठीत देतो. हसू नका.

‘सदर कंपनीत सुरक्षिततेला दुय्यम स्थान दिले जात होते. मी ड्यूटी मर्यादेचे उल्लंघन करण्यास नकार दिल्यामुळे सूडबुद्धीने माझ्यावर खोटे व बिनबुडाचे आरोप करून मागील तारखेचे बनावट पत्र देण्यात आले. मी एक प्रामाणिक व नियमांचे काटेकोर पालन करणारा वैमानिक असून माझ्यावर घोर अन्याय झाला आहे.’

लोणावळा_लोकल
हे फॉर्मात टाकायचंय की दारावर चिकटवायचंय?

एचआर_ताई
यात एकही तारीख नाही रे! घोर, सूड, बनावट, बिनबुडाचे, ही विशेषणं वाचली की माझ्यासारखी बाई म्हणते, हा माणूस इथेही सहा महिन्यांत आमच्याबद्दल हेच लिहील. आणि ‘सुरक्षिततेला दुय्यम स्थान’ हा तर कंपनीवर आरोप झाला, तो इथे कशाला? ती तक्रार डीजीसीएकडे करायची असेल तर तिकडे कर, त्यासाठी वेगळी वाट आहे.

वकील_नाशिककर
‘बनावट’ शब्द काढच. सिद्ध करता येत नसेल तर तोच शब्द उद्या तुझ्यावर उलटेल. ‘पत्रावरील तारीख १६, मला मिळाले २७’ एवढं लिही. वाचणाऱ्याला बेरीज-वजाबाकी येते.

डॅलसकर_दादा
आणि ग्रुपवरच्या मेसेजचा उल्लेख कर. त्यांना तो माहीत आहे असं धरूनच चाल.

पक्या_पिंपरी
छ्या! स्वतःहून कशाला सांगायचं? फॉर्मात ‘तुम्ही कोणाच्या बापाचा उद्धार केला आहे का’ असं विचारलंय का? नाही ना?

खवचट_खारीक
पक्या, आज्ञाभंगाचा आरोप ज्यावरून झाला ती गोष्ट म्हणजे तो मेसेजच आहे. तो गाळलास तर त्यांना वाटणार याने उडवायलाच नकार दिला, कॅप्टनशी भांडला. ते मेसेजपेक्षा कितीतरी वाईट. मेसेज सांगितला तर फार तर म्हणतील, पोरगं तापट आहे. कॉकपिटमध्ये भांडणारा को-पायलट मात्र कोणालाच नको असतो.

कॅप्टन_रिटायर्ड
खारीक बरोबर बोलतोय, दुर्दैवाने.

बाळा, त्या रात्रीचे कॅप्टन रेफरन्स देतील का? सगळं त्यांच्यावर आहे. त्यांनी सांगितलं की निर्णय माझा होता, को-पायलटने आकडे दाखवले आणि मला पटले, तर पुढे काही उरतच नाही.

दुसरी_सीट
बोललो त्यांच्याशी. ते अजून तिथेच आहेत. दोन मुलं, ठाण्याच्या फ्लॅटचा हप्ता. म्हणाले, ‘लेखी मागू नकोस. पण कोणाचा फोन आला तर खोटं बोलणार नाही.’ मी पुढे आग्रह नाही केला.

कॅप्टन_रिटायर्ड
नको करूस. तेवढं बोलले हे खूप झालं. फॉर्मात रेफरन्सच्या जागी त्यांचा नंबर दे, आधी विचारून.

मी दोनदा कंपनी बुडताना पाहिली, २०१२ला किंगफिशर आणि १७ एप्रिल २०१९ला जेटचं शेवटचं विमान उडालं ती. तेव्हा ‘का सोडलं’ या रकान्यात सगळे फक्त कंपनीचं नाव लिहायचे, पुढे कोणी काही विचारायचं नाही. एकट्याने सोडलं की मात्र जाब द्यावा लागतो. बावीस हजार लोकांबरोबर बुडणं सोपं असतं रे.

मीनल_के
कॅप्टन, जेटच्या त्या रात्री मी विमानतळावर होते. नको तो विषय.

दुसरी_सीट
चार दिवसांनी येतोय. वकीलसाहेब, पत्र पाठवलं, ईमेल आणि स्पीड पोस्ट. उत्तर नाही, पण कालच एक मजेशीर फोन आला अकाउंट्समधून, ‘एनओसीचं बघतोय’ म्हणून. कुरियरचं पाकीट सापडलं, बुकिंग २५ तारखेचं. ताई, यूएएन उघडून बघितलं, कंपनीने सोडल्याची तारीख २२ टाकलीय, १६ नाही!

नवा मसुदा:

‘होय. मी १४ महिने को-पायलट होतो. १४ तारखेला ड्यूटी मर्यादेमुळे परतीचे उड्डाण न करण्याचा निर्णय कमांडरने घेतला, मी त्याला सहमत होतो. त्यानंतर कामाच्या ग्रुपवर मी वरिष्ठांना उद्देशून अनुचित संदेश लिहिला, ती माझी चूक होती. १८ला राजीनामा दिला. २७ला मला १६ तारखेचे सेवासमाप्तीचे पत्र मिळाले, त्याला लेखी हरकत घेतली आहे. उड्डाण, प्रशिक्षण वा सुरक्षेबाबत माझ्याविरुद्ध नोंद नाही. कागदपत्रे व कमांडरचा संपर्क देऊ शकतो.’

एचआर_ताई
हा फॉर्म माझ्याकडे आला तर मी फोन करेन.

वकील_नाशिककर
चालेल. तारखांसोबत महिना आणि साल टाकायला विसरू नको. आणि ‘सुरक्षेबाबत नोंद नाही’ लिहितोयस तर अपघात-घटना नसल्याचं पत्र हाताशी ठेव, मागतील.

खवचट_खारीक
‘मी त्याला सहमत होतो’ यात जरा हात झटकल्यासारखं वाटतं. आकडे तू मांडलेस, तूच सुचवलंस. ‘मी मर्यादा लक्षात आणून दिली, निर्णय कमांडरने घेतला’ असं लिही. श्रेयही तुझं आणि जबाबदारीही.

दुसरी_सीट
बदलतो. हे खरंच जास्त बरोबर आहे.

पक्या_पिंपरी
मी अजूनही ‘नाही’च टिक केलं असतं. पण मी पायलट नाही, मी फोर्कलिफ्ट चालवतो.

वकील_नाशिककर
यूएएनमधली २२ तारीख कुठून आली? त्या दिवशी काय झालं होतं?

दुसरी_सीट
त्या दिवशी ऑफिसला बोलावून एअरपोर्ट पास, टॅब आणि मॅन्युअल जमा करून घेतले. तोंडी म्हणाले नोटिस वगैरे नको, घरी जा.

वकील_नाशिककर
पास जमा केल्याची पोच दिली असेल ना? त्यावर कारण लिहिलेलं असतं. कुठे आहे ती?

दुसरी_सीट
दिली होती. कुठे गेली आठवत नाही. शोधतो.

दुसरी_सीट
सापडली!! मी अख्खी खोली उलटीपालटी केली, लॉगबुकची बॅग रिकामी केली, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये बघितलं. शेवटी आईने विचारलं काय शोधतोयस. स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या मागे खिळ्याला टोचून ठेवली होती, गॅसची पावती आणि दूधवाल्याच्या हिशोबाबरोबर. म्हणे तुझ्या पँटच्या खिशात होती, धुवायला टाकताना काढली. थोडी हळद लागलीय, पण कंपनीचा शिक्का, सही आणि तारीख २२ स्पष्ट आहे. आणि कारणाच्या रकान्यात त्यांच्याच माणसाच्या हस्ताक्षरात लिहिलंय, ‘राजीनामा’.

वकील_नाशिककर
स्कॅन कर. आत्ता. हळदीसकट.

खवचट_खारीक
१६ला काढलेल्या माणसाचा पास २२ला ‘राजीनामा’ म्हणून जमा. मला आणखी काही विचारायचं नाही.

कॅप्टन_रिटायर्ड
काकूंना कुठल्याही एअरलाइनने मेंटेनन्स रेकॉर्ड्सला ताबडतोब घ्यावं.

लोणावळा_लोकल
नोटिस पीरियड मात्र त्या देणार नाहीत.

दुसरी_सीट
आईला वाचून दाखवलं. विचारतेय ग्रुपवर काय लिहिलं होतंस ते काही सांगितलं नाहीस मला. मी फॉर्म सबमिट करतो आणि जरा बाहेर जाऊन येतो.